पॉली दर सोमवारी मरते कशी? (जार टेस्ट पास, प्लांट नापास)

पॉली म्हणजे सांडपाण्यातले बारीक कण एकमेकांना धरून खाली बसवणारं रसायन, आणि ती मरते म्हणजे तिचं हे काम बंद पडतं. लक्षण आधी सांगते, म्हणजे तुमचा प्रॉब्लेम हाच आहे की दुसराच ते लगेच कळेल.

जार टेस्टमध्ये (म्हणजे बीकरमध्ये छोट्या प्रमाणात करून बघायची चाचणी) फ्लॉक, म्हणजे कणांचा पुंजका, झकास बनतो, भिजलेल्या साबुदाण्याएवढा, बीकर टेबलावर ठेवेस्तोवर खाली बसतो, वरचं पाणी नितळ. तोच डोस, तेच पाणी, त्याच गोणीतली पॉली प्लांटला सोडली की फ्लॉक रव्यासारखा बारीक, क्लॅरिफायरच्या (गाळ खाली बसवायच्या टाकीच्या) काठावरून वाहून चालला, फिल्टर प्रेसचा (कापडातून गाळ दाबून पाणी काढणाऱ्या यंत्राचा) केक, म्हणजे दाबलेला गाळ, गच्च ओला आणि कापडाला चिकटून बसलेला. डोस वाढवला की जरा सुधारल्यासारखं वाटतं पण मग कापड चोक होतं, प्रेसचं प्रेशर चढतं, आणि पोट्टे दिवसभर कापडं धूत बसतात. आमच्याकडे यात अजून एक गंमत होती, हे सगळं सोमवारी व्हायचं. मंगळवारी दुपारपर्यंत आपोआप ठीक, शनिवारपर्यंत काही तक्रार नाही, की परत सोमवारी तेच रडगाणं.

आमचं युनिट हिंगणा एमआयडीसीत, मेटल फिनिशिंगचं. सांडपाणी ताशी २५ हजार लिटरच्या आसपास, दिवसाची एकच शिफ्ट. चुना टाकून पीएच नऊच्या पुढे नेतो, मेटल खाली बसायला तयार होतं, मग शेवटी ॲनायोनिक (ऋण भाराची) पॉली टाकतो म्हणजे बारीक कण एकमेकांना धरतात. पॉली म्हणजे पॉलीॲक्रिलामाइड, साखरेसारखे पांढरे दाणे येतात गोणीत, हजार लिटर पाण्यात एक किलो विरघळवायचं, म्हणजे ०.१ टक्का. ताशी शंभर लिटर जातं, एक टाकी दिवसभर पुरते.

आता कुणावर कुणावर संशय घेतला ते ऐका, कारण तुम्हीही याच क्रमानं जाणार आहात. पहिला अर्थातच सप्लायर. आमचे ऑपरेटर काका ठामच होते, "मॅडम, पॉलीच पाणचट येऊन राहिली ना जी." सप्लायरच्या माणसाला बोलावलं, त्यानं शपथा घेतल्या, दुसऱ्या लॉटची गोणी पाठवली, गोणी आली मंगळवारी आणि काय तो फ्लॉक! काका माझ्याकडे बघून असे हसले की बस. पुढच्या सोमवारी परत रवा. आता मंगळवारी कुठलीही गोणी फोडली असती तरी चाललीच असती हे तेव्हा डोक्यात आलं नाही, दोन महिने त्या बिचाऱ्याला शिव्या खाव्या लागल्या.

मग बोअरच्या पाण्यावर संशय. मग पीएच मीटरवर. एप्रिल लागला, पारा ४३ वर गेला, तर सगळ्यांचं एकमत झालं की रविवारी शेडमध्ये बंद टाकीत उन्हानं पॉली मरते. हे ऐकायला एकदम बरोबर वाटतं, नागपुरात उन्हानं काय मरत नाही? पण हिशोब केला की जुळत नाही. पॉलीची साखळी कार्बन-कार्बनच्या बंधांची असते आणि असा एक बंध तोडायला मोलला साधारण ३५० किलोज्यूल लागतात, आणि उष्णतेनं त्याला जे धक्के बसत असतात ते ४५ डिग्रीतही मोलला अडीच-पावणेतीन किलोज्यूलच्या हिशोबाचे. हिवाळ्यात जवळपास तेवढेच. म्हणजे नुसत्या उन्हानं दीड दिवसात एवढी साखळी तुटणं शक्य नाही, आणि उन्हानंच मरत असती तर फेब्रुवारीत काऊन मरत होती?

उत्तर डोळ्यासमोर होतं आणि चूक माझी होती. जार टेस्टसाठी मी दर वेळी गोणीतून चिमूटभर पॉली घेऊन बीकरमध्ये ताजं द्रावण बनवत होते. "तीच पॉली, तीच पॉली" म्हणत होते, पण टाकीतलं द्रावण मी एकदाही जारमध्ये टाकून बघितलं नव्हतं. ज्या दिवशी डोसिंग पाईपच्या तोंडाशी बाटली धरून ते द्रावण जार टेस्टला घेतलं त्या दिवशी जारमध्येही रवा. मग काय, गोणी सुटली, पाणी सुटलं, पीएच सुटला, उरली ती फक्त टाकीपासून पाईपच्या तोंडापर्यंतची जागा. तुम्ही बाकी काही करू नका, आधी एवढं करा, दोन जार शेजारी ठेवा, एकात ताजं द्रावण, एकात डोसिंग पॉइंटचं. अर्ध्या तासाचं काम आहे, आम्ही दोन महिने घालवले.

पण यातून एवढंच कळतं की द्रावण बिघडलंय. शिळं झालं म्हणून, की काहीतरी केलं म्हणून, ते कळत नाही. त्यासाठी शनिवारी संध्याकाळी टाकी बनवल्यावर त्यातलंच दहा लिटर झाकणाच्या बादलीत काढलं आणि बादली त्याच शेडमध्ये टाकीशेजारी ठेवली, तेच ऊन तीच रविवारची सुट्टी. सोमवारी सकाळी दोन्ही तपासायचं. तपासायचं कसं यावर मी पिपेट, स्टॉपवॉच वगैरे शोधत होते तर काका म्हणाले, "पाकाची तार पाहतो तशी पाहा ना जी." आणि खरं सांगते, यापेक्षा चांगली टेस्ट आमच्या लॅबमध्ये नव्हती. काचेची कांडी बुडवली आणि हळू वर उचलली. बादलीतल्या पॉलीला चार-पाच बोटं तार सुटली, एकतारी पाकासारखी, शेवटी बारीक धागा होऊन तुटली. टाकीतल्या पॉलीला तारच नाही. टपटप थेंब, पाण्यासारखे.

ही तार का महत्त्वाची ते सांगते. नुसता घट्टपणा खूप गोष्टींनी येतो, पण ओढल्यावर लांब धागा निघायला आतल्या साखळ्याच लांब असाव्या लागतात. साखळ्या आखूड झाल्या की घट्टपणा थोडा कमी होतो पण तार पहिल्यांदा जाते. हिशोबात सांगायचं तर साखळी अर्धी झाली तर तिच्यामुळे येणारा घट्टपणा साधारण साठ टक्क्यांवर येतो, डोळ्यांना तो फरक पटकन कळणार नाही, पण तार कळते.

तर बादली चांगली, टाकी मेलेली. वय सारखं, ऊन सारखं, गोणी सारखी. फरक एकच, बादली स्थिर होती आणि टाकी फिरत होती.

टाकी काऊन फिरत होती? जानेवारीत आमच्या स्क्रू पंपाचा रबरी स्टेटर (ज्यात स्क्रू फिरतो ते आतलं अस्तर) गेला. नवा यायला वेळ लागणार म्हणून मेंटेनन्सनं स्टोअरमधला सेंट्रिफ्यूगल मोनोब्लॉक (चक्र जोरात फिरवून पाणी फेकणारा पंप) लावला. तो मिनिटाला पन्नास लिटर फेकतो आणि आम्हाला पाहिजे दोन लिटरपेक्षा कमी, म्हणून उरलेलं बायपासनं परत टाकीत. आणि सोमवारी सकाळी लवकर सुरू करता यावं म्हणून शनिवारी संध्याकाळीच टाकी बनवून ठेवायची आमची जुनी सवय, आणि ती बनवलेली पॉली "बसू नये, गोळा होऊ नये" म्हणून काकांनी प्रेमानं बायपास चालू ठेवायला सुरुवात केली. शनिवार संध्याकाळी सहा ते सोमवार सकाळी आठ, ३८ तास. हजार लिटरची टाकी, मिनिटाला पन्नास लिटर, म्हणजे दर वीस मिनिटांनी अख्खी टाकी एकदा पंपातून जाते. ११४ फेरे. वीज वाया गेली ते वेगळंच.

आता मूळ प्रश्न, जो मला मालकांनी विचारला आणि मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही: पंप पाणी ढकलतो, त्यानं रेणू कसा तुटेल? मीठ पंपातून गेलं तर मीठच राहतं, साखर साखरच राहते, मग हिचे काय लाड?

लाड लांबीचे. ॲक्रिलामाइडचा एक घटक ७१ वजनाचा, आणि फ्लॉक्युलंट म्हणून विकतात त्या पॉलीचं रेणुभार एक ते दोन कोटींच्या घरात असतं. दीड कोटी धरा, भागिले ७१, म्हणजे दोन लाख दहा हजारांच्या वर घटक एका साखळीत. प्रत्येक घटक लांबीत पाव नॅनोमीटर घालतो. सरळ ताणली तर एक साखळी पन्नास मायक्रोमीटरहून जास्त, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीएवढी. एक रेणू! आणि जाडी एक नॅनोमीटरच्या आसपास. शिवणाच्या दोऱ्याची जाडी पाव मिलिमीटर धरली आणि त्याच प्रमाणात लांबवला तर बारा मीटरच्या वर जाईल.

शांत पाण्यात ही साखळी सरळ नसते, सुताच्या गुंत्यासारखी गोळा होऊन असते, आणि तो गुंता बिनधास्त तरंगत असतो. साधं गोल फिरणारं पाणी त्याला लोळवतं, थोडं लांबवतं, सोडून देतं. पण जिथे पाणी अचानक वेग घेतं, म्हणजे इंपेलरच्या (पंपातल्या फिरत्या चक्राच्या) तोंडाशी, अर्धवट उघड्या व्हॉल्व्हच्या फटीत, मोठ्या पाईपातून बारीक पाईपात शिरताना, तिथे गुंत्याचं पुढचं टोक जास्त वेगात आणि मागचं टोक मागे. गुंता उलगडतो. एकदा उलगडायला लागला की पाण्याला धरायला अजून दोरा मिळतो, अजून ओढतो, आणि एका हद्दीपुढे झटक्यात सरळ होतो. फ्रान्सच्या द जेन यांनी १९७४ मध्ये या गुंत्याच्या झटक्यात सरळ होण्याचा सिद्धांत मांडला होता.

आता सरळ झालेली साखळी म्हणजे रस्सीखेच समजा. दोन्हीकडे माणसं, प्रत्येक जण आपापल्या जागी दोर ओढतोय. टोकाच्या माणसापाशी दोरावर ताण फक्त त्याच्या एकट्याचा, पुढे दोघांचा, मग तिघांचा, असं करत सगळ्यात जास्त ताण कुठे? मधल्या रुमालापाशी. पाणी साखळीच्या प्रत्येक मणक्याला असंच थोडं थोडं ओढतं आणि सगळ्यांची बेरीज मधोमध येते. म्हणून वाहत्या पाण्यानं तुटणारी साखळी टोकाला कुरतडली जात नाही, ती साधारण मधूनच तुटते. दीड कोटीचे दोन पंचाहत्तर-पंचाहत्तर लाख. ब्रिस्टलला ओडेल आणि केलर यांनी ऐंशीच्या दशकात ताणणाऱ्या प्रवाहात नेमकं हेच दाखवलं.

आणि किती ताण लागतो? एक बंध तोडायला लागणारं बल नॅनोन्यूटनमध्ये येतं. १९९९ मध्ये जर्मनीत एकेक साखळी सूक्ष्म सुईला अडकवून ओढून बघितली तेव्हा साधारण दोन नॅनोन्यूटनला बंध तुटले. दोन नॅनोन्यूटन म्हणजे एका मिलिग्रॅमच्या पाच हजाराव्या भागाचं वजन. आपल्याला काहीच नाही, पण अख्खा ताण एकाच बंधावर येतो हे लक्षात घ्या. आणि पूर्ण ताकदीनं तोडावाच लागतो असंही नाही. वर म्हटलं तो ३५० किलोज्यूलचा डोंगर आहे ना, ताण लागला की डोंगर एका बाजूनं खचतो, चढ कमी होतो, आणि उरलेला चढ रोजच्या उष्णतेचे धक्के चढून जातात. म्हणजे उन्हाचा यात हात आहे, पण शेवटचा धक्का देण्यापुरता.

तुटल्यावर काय? दोन्ही टोकांना एकेक सुटा इलेक्ट्रॉन राहतो, रॅडिकल म्हणतात, अत्यंत भुकेलेली टोकं. परत एकमेकांना भेटण्याआधीच पाण्यातला ऑक्सिजन नाहीतर शेजारचा हायड्रोजन त्यांना चिकटतो, विषय संपला. म्हणून मेलेली पॉली ठेवून ठेवून जिवंत होत नाही. हा मुद्दा तपासायला कामाचा आहे, कारण जोरात ढवळताना चांगली पॉलीही तेवढ्यापुरती पातळ होते (गुंते एका दिशेला लागतात म्हणून) आणि थांबवली की परत घट्ट होते. संशय असेल तर तासभर झाकून ठेवा आणि परत तार बघा. तार परत आली तर काही बिघडलेलं नाही. नाही आली तर बंध गेले.

हे काही नवं ज्ञान नाही. थॉमस हॅनकॉक म्हणून लंडनचा माणूस १८२० च्या सुमारास रबराचे तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून काटेरी रोलरच्या यंत्रात बारीक करायला गेला, तर तुकडे होण्याऐवजी मऊ एकजीव गोळा बाहेर आला. त्यानं ते यंत्र कितीतरी वर्षं लपवून ठेवलं आणि कुणाला पत्ता लागू नये म्हणून त्याला "पिकल", म्हणजे लोणचं, म्हणायचा. त्याला काय कल्पना की आत साखळ्या तुटत होत्या. त्याच्या काळात साखळी ही कल्पनाच नव्हती, ती हरमान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडली, केमिस्ट्रीतल्या मोठमोठ्या लोकांनी त्यांना वेड्यात काढलं, आणि १९५३ मध्ये नोबेल मिळालं. दळलेल्या पॉलिमरचा रेणुभार घटतो हेही त्यांनीच तीसच्या दशकात बघितलं आणि बळानं बंध तुटतात असं म्हटलं. रबराच्या मिलवर आजही थंड रोलर लवकर मऊ करतो, शंभरेक डिग्रीला सगळ्यात हळू, आणि त्याच्या वर ऑक्सिजन वेगळ्या वाटेनं तोडायला लागतो म्हणून परत लवकर. उलटं वाटतं, पण थंड रबर घट्ट असतं, ताण साखळीपर्यंत नीट पोचतो. गरम झालं की साखळ्या सटकतात.

आणि अलास्काची तेलवाहिनी. १९७९ पासून त्यात असाच लांब साखळ्यांचा पॉलिमर टाकतात कारण त्यानं पाईपातलं घर्षण कमी होतं, टॉम्स यांनी १९४८ मध्ये दाखवलेला परिणाम. पण पंपात साखळ्या तुटतात, म्हणून पंपाच्या पुढे परत नव्यानं टाकावा लागतो. तिथले इंजिनिअर पंपाच्या आधी टाकत नाहीत, आम्ही अख्खा रविवार पंपातच फिरवला.

एक गोष्ट मला फार आवडली, नागपूरच्या एलआयटी कॉलेजात पॉलिमर शिकलेल्या मित्रानं आयसी चौकात चहा पिताना समजावली. ओढ लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, कारण साखळी दुप्पट लांब झाली तर ओढणारेही दुप्पट आणि टोकांमधला वेगाचा फरकही दुप्पट. याचा उलटा अर्थ, साखळी अर्धी झाली की ताण चौथाई. म्हणजे तोच पंप अर्ध्या साखळीला सहजासहजी तोडू शकत नाही. म्हणून सगळ्यात जास्त नासाडी पहिल्या काही फेऱ्यांत होते, मग हळूहळू थांबते, पॉलीचं पूर्ण पाणी कधीच होत नाही. सोमवारी डोस वाढवल्यावर जरा फरक का पडायचा ते इथे कळलं, आखूड साखळ्या शिल्लक होत्या. पण फ्लॉकचं काम पूल बांधण्याचं आहे, एक टोक या कणावर, दुसरं त्या कणावर. आखूड साखळी एकाच कणाला गुंडाळून बसते. दहा आखूड फळ्या टाकून नाल्यावर पूल होत नाही, आणि जास्तीची पॉली पाण्यात सुटी राहून फिल्टरचं कापड लिंपते.

आणि याच कारणानं आमचा रोजचाही थोडा लॉस होत होता, दिवसभर बायपास चालूच होता ना. संध्याकाळी टाकी अर्धी-पाव झाली की फेरे अजून लवकर लवकर, रोज पाचनंतरचा फ्लॉक बारीकच असणार. रोज सकाळी नवी टाकी म्हणून कुणाच्या डोळ्यात आलं नाही. सोमवार तेवढा बदनाम.

दुरुस्ती म्हणाल तर पहिल्या दिवशी फुकटात झाली, बायपास बंद, शनिवारची टाकी बंद. सोमवारी काका एक तास लवकर येतात आणि ताजी बनवतात, भुरभुर टाकून (गठ्ठा टाकला तर माशाच्या डोळ्यासारखे गोळे होतात, ते मग दिवसभर फुगत नाहीत), पाऊण ते एक तास हळू ढवळून. एक बारकावा, दाणे पहिल्यांदा भिजवताना जोराचं पाणी चालतं, उलट हवंच, कारण तेव्हा साखळ्या अजून दाण्यात बंद असतात. एकदा उलगडल्या की मग हात हलका. डोसिंगला तात्पुरता जुना डायफ्राम पंप लावला. खरा उपाय स्क्रू पंपच, तो द्रावणाला कप्प्याकप्प्यानं पुढे सरकवतो, फटके मारत नाही. फक्त कोरडा चालवू नका, स्टेटर जळतो, आमचा बहुतेक तसाच गेला असणार पण कबूल कोण करणार.

मे महिन्यात प्रॉब्लेम परत आला, म्हणून म्हणते की एकदा पकडला म्हणजे संपला असं समजू नका. यावेळी सोमवार वगैरे नाही, रोज. तार टेस्ट टाकीवर पास, डोसिंग पॉइंटवर नापास. मधे काय? नवीन पोट्ट्यानं डोस कमी करायला डायफ्राम पंपाचा स्ट्रोक न बदलता पुढचा गेट व्हॉल्व्ह आवळला होता, दोऱ्याएवढी फट. पंप मागून रेटतोय आणि द्रावण त्या फटीतून सुसाट. एका फेऱ्यात तार गेली. डोस पंपावरच कमी-जास्त करायचा, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद. आता त्या व्हॉल्व्हचं चाकच काढून ठेवलंय. पाईपही जिथे बारीक होत होता तिथे एकाच मापाचा केला.

स्टररचं पण बघा. मोटारला डायरेक्ट पंखा जोडलेले स्टरर खूप ठिकाणी दिसतात, १४४० आरपीएम, २०० मिलिमीटरचा पंखा, टोकाचा वेग काढला तर सेकंदाला १५ मीटर. आमच्या त्या मोनोब्लॉकचा इंपेलर १२५ मिलिमीटर, २८८० आरपीएम, सेकंदाला जवळपास १९ मीटर. म्हणजे तुमचा स्टरर हाच एक उघडा पंप आहे. गिअरबॉक्स लावून ९६ आरपीएम केला आणि ६०० मिलिमीटरचं पॅडल लावलं तर तीन मीटर, आणि टाकी पूर्ण फिरते. आमचा आधीपासून गिअरबॉक्सवाला होता, तेवढं नशीब.

लॅबवाल्यांसाठी एक कबुली. एकदा बीकरमध्ये पॉलीचे गोळे राहिले म्हणून मी बीकर अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवलं, वीस मिनिटांत काय सुंदर विरघळलं, एकसारखं, पारदर्शक, आणि तार शून्य. त्या बाथमध्ये बारीक बुडबुडे बनून फुटतात आणि फुटताना आजूबाजूचं पाणी इतक्या वेगानं आत खेचतात की साखळ्या तुटतात, रिसर्चवाले तर बंध मुद्दाम तोडायला हीच पद्धत वापरतात. इलिनॉय विद्यापीठातल्या लोकांनी २००९ मध्ये साखळीच्या मधोमध असा घटक बसवून दाखवला की ताण पडला की तो उघडतो आणि प्लास्टिकचा रंग बदलतो. मला वाटलं अशी पॉली कुणी बनवावी, जिथे तुटली तिथे पाईप जांभळा दिसला असता, आमचे दोन महिने वाचले असते.

आता जे याच्यासारखं दिसतं पण हे नाही, ते थोडक्यात. बादलीतली स्थिर पॉलीसुद्धा मेली तर पंपाला दोष देऊ नका. नळाच्या पाण्यात क्लोरीन जास्त असेल तर तो साखळ्या खातो. बोअरच्या पाण्यात विरघळलेलं लोखंड असेल किंवा टाकी गंजकी असेल तर लोखंड आणि ऑक्सिजन मिळून तेच करतात, म्हणून पॉलीची टाकी प्लास्टिकची नाहीतर एफआरपीची (फायबरची). पाणी जड (क्षारांचं) असेल तर साखळी तुटत नाही पण आकसते, तार पहिल्यापासूनच आखूड राहते, ताज्यातसुद्धा. हे ओळखायचं तर एक बीकर बोअरच्या पाण्यात आणि एक डिस्टिल्ड पाण्यात बनवा. आणि डोसिंग पॉइंटवरही पॉली चांगली, फ्लॉकही चांगला बनतो पण प्रेसमध्ये केक ओला, तर प्रेसचा फीड पंप बघा, तो बनलेला फ्लॉकच फोडत असेल.

फरशीवर सांडली तर पाणी मारू नका, अजून निसरडं होतं, काका एकदा पार आडवे झाले. लाकडाचा भुसा टाका, मग झाडून घ्या.

सप्लायरच्या माणसाला फोन करून सॉरी म्हटलं. तो म्हणाला मॅडम तुम्ही तिसऱ्या, बाकी दोघांकडेही मोनोब्लॉकच निघाला. स्क्रू पंपाचा स्टेटर अजून आलेला नाही, कोटेशन तीन आठवडे मालकांच्या टेबलावर आहे. काकांनी काचेची कांडी टाकीच्या हँडलला सुतळीनं बांधून ठेवलीय आणि शिफ्ट रजिस्टरमध्ये पीएचच्या शेजारी पेननं एक नवा कॉलम आखलाय, "तार". काल त्यात लिहिलं होतं: चार बोट.